कोऱ्या डेबियनवर डेस्कटॉप चढवताना

यंत्र साधं होतं: दोन कोअरचा जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी आणि १३६६ × ७६८ चा स्क्रीन. डेबियन १३ (लिनक्सवर आधारलेली मुक्त कार्यप्रणाली) टाकताना इन्स्टॉलर शेवटी सॉफ्टवेअर निवडीची यादी दाखवतो. तिथल्या डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढल्या आणि फक्त 'स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज' ठेवलं. रीबूटनंतर काळ्या पडद्यावर लॉगिनची एक ओळ, बाकी काही नाही. त्याच यादीत एक खूण ठेवली असती तर सगळं तयार मिळालं असतं, आणि घाईत असणाऱ्यानं तेच करावं. पण त्या खुणेबरोबर ऑफिस संच, छपाईची व्यवस्था, भाषांची पॅकेजेस असं एकगठ्ठा येतं. पुढे काही अडलं की कोणता तुकडा कुठून आला याचा पत्ता लागत नाही.

खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलात त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्यायच्या.

डेस्कटॉप म्हणून जे एकसंध दिसतं त्यात बरेच स्वतंत्र प्रोग्राम असतात. लॉगिनचा पडदा दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर, लॉगिननंतर बाकीच्यांना उठवणारा सेशन मॅनेजर, खिडक्यांच्या चौकटी सांभाळणारा विंडो मॅनेजर, पॅनेल, फाइल मॅनेजर, आणि पडद्याआड फॉन्ट, थीम, कीबोर्ड वगैरे लागू करणारा सेटिंग्जचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम). या सगळ्यांच्या खाली चित्र काढणारा थर, म्हणजे एक्स-११ किंवा वेलँड. ही उतरंड डोक्यात पक्की असली की दुरुस्ती सोपी जाते. लॉगिनचा पडदाच येत नसेल तर पॅनेलच्या सेटिंग्ज चाळण्यात अर्थ नाही, आणि खिडक्यांना वरची पट्टीच नसेल तर विंडो मॅनेजर कोसळलाय एवढाच त्याचा अर्थ.

निवडीच्या चर्चा बहुतेक दिसण्यावरून होतात. माझ्या मते दिसणं हा सर्वांत शेवटचा निकष, कारण थीम आणि चिन्हं पाच मिनिटांत बदलतात. रॅम, स्क्रीन आणि ग्राफिक्स चिप मात्र आहे तीच राहते, म्हणून निवड तिथून सुरू करावी. ४ जीबीत नोम किंवा केडीई प्लाझ्मा हे मोठे डेस्कटॉप चालत नाहीत असं नाही; चालतात. पण लॉगिन होऊन दोन मिनिटं शांत बसल्यावर 'फ्री -एच' या मेमरी दाखवणाऱ्या कमांडमधला 'अव्हेलेबल' हा रकाना एकूण रॅममधून वजा केला, की नोम आणि प्लाझ्मा साधारण एक जीबी किंवा थोडं जास्तच घेऊन बसलेले दिसतात. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप ६००-७०० एमबीच्या आसपास, एलएक्सक्यूटी त्याहून थोडा खाली. ड्रायव्हर आणि पॅनेलवरच्या प्लगिननुसार हे आकडे हलतात. शिवाय 'फ्री' च्या रकान्यातला छोटा आकडा पाहून घाबरू नये. डिस्कची कॅशे रॅममध्येच असते आणि गरज पडली की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ती सोडतो. खरी मेमरी ब्राउझरच खातो. म्हणून डेस्कटॉपमध्ये वाचवलेले ४०० एमबी म्हणजे ब्राउझरचे आणखी चार-दोन टॅब, इतकाच तो हिशोब आहे. ८ जीबी रॅम असेल तर हा निकष विसरून जावा.

स्क्रीनचं मात्र नीट पाहावं. साधा कमी रिझोल्यूशनचा एकच स्क्रीन असेल तर एक्स-११ वरचा कोणताही डेस्कटॉप चालतो. दाट पिक्सेलचा लॅपटॉप आणि शेजारी जुना साधा मॉनिटर अशी जोडी असेल तर एक्स-११ अडवतो, कारण तिथं सगळ्या स्क्रीनना मिळून एकच डीपीआय (दर इंचातले ठिपके) धरला जातो; एकीकडे अक्षरं योग्य दिसली की दुसरीकडे ती भलतीच होतात. वेलँडमध्ये प्रत्येक स्क्रीनचं स्केल वेगळं ठेवता येतं, आणि त्यासाठी प्लाझ्मा किंवा नोम घेणं शहाणपणाचं. एक्सएफसीईच्या ४.२० आवृत्तीत वेलँड आहे, पण प्रायोगिक. त्याचा स्वतःचा विंडो मॅनेजर तिथं चालत नाही, लॅबडब्ल्यूसीसारखा दुसरा जोडावा लागतो. रोजच्या कामाच्या यंत्रावर मी तो घेणार नाही.

तिसरी गोष्ट घराण्याची. माथियास एट्रिश यांनी १९९६ मध्ये केडीई सुरू केलं ते क्यूटी या खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीवर. तेव्हा क्यूटीचा परवाना पूर्ण मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी जीटीके या दुसऱ्या लायब्ररीवर नोम उभं केलं. परवान्याचा वाद केव्हाच मिटला, दोन घराणी मात्र राहिली. केडीई आणि एलएक्सक्यूटी क्यूटीचे. नोम, एक्सएफसीई, सिनॅमन आणि माटे जीटीकेचे. २०११ मध्ये नोम ३ आलं, जुनी मांडणी गेली, आणि ती हवी असणाऱ्यांमधून माटे आणि सिनॅमन निघाले. निवडताना याचा उपयोग असा, की रोजचे प्रोग्राम ज्या घराण्याचे असतील त्याच घराण्याचा डेस्कटॉप घेतला तर दोन्ही लायब्ररी एकाच वेळी मेमरीत राहत नाहीत आणि फाइल उघडण्याची खिडकीही सगळीकडे एकसारखी दिसते.

ठरवण्याआधी डेबियनच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) प्रतिमा पेनड्राइव्हवर टाकून पाहता येतात. प्रत्येक मोठ्या डेस्कटॉपची वेगळी प्रतिमा मिळते. त्यात वेग मोजू नये, पेनड्राइव्ह तो खाली ओढतो. तपासायचं ते हे: झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, उजेडाची बटणं चालतात का, दोन बोटांनी पान सरकतं का, हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो का, बाहेरचा मॉनिटर जोडताच दिसतो का. माझ्या यंत्राच्या बाबतीत एक्सएफसीई ठरला. एक स्क्रीन, कमी रॅम, जीटीकेचे प्रोग्राम. फार विचार करावा लागला नाही.

इन्स्टॉल करण्याआधी अधिकारांचा एक मुद्दा आहे, आणि डेबियनवर नवीन येणारे हमखास तिथं अडकतात. इन्स्टॉलरमध्ये रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड दिला असेल तर नेहमीच्या खात्याला सुडोचे, म्हणजे रूटच्या वतीनं कमांड चालवण्याचे, अधिकार मिळत नाहीत. तो रकाना रिकामा सोडला तरच मिळतात. मिळाले नसतील तर 'एसयू' करून रूट व्हावं लागतं, पण पुढे जागा सोडून एक डॅश हवाच. डॅश नसेल तर रूटचा पाथ (कमांड शोधायच्या जागांची यादी) लागू होत नाही आणि 'ॲडयूजर', 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर' अशा कमांड सापडतच नाहीत. रूट झाल्यावर सुडो टाकावं, खातं सुडो गटात घालावं, आणि लॉगआउट करून परत यावं. गट नव्या लॉगिनलाच लागू होतो.

आता मुख्य काम. पॅकेजेस बसवण्याचं काम 'ॲप्ट' करतं. आधी 'ॲप्ट अपडेट', मग कोरडी चाचणी: 'ॲप्ट इन्स्टॉल --सिम्युलेट एक्सएफसीई४'. यात काहीही बसत नाही, फक्त काय काय येणार ते दिसतं. हीच चाचणी 'टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप' या पॅकेजवर करून दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांत भरतो. लिबरऑफिस दुसऱ्या यादीत असतं. मला पहिली यादी पुरेशी होती. काही जण आणखी काटकसर म्हणून '--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' लावतात. एक्सएफसीईच्या बाबतीत हे महागात पडतं, कारण 'एक्सएफसीई४' पॅकेज एक्सॉर्ग सर्व्हरला (एक्स-११ चा चित्र काढणारा प्रोग्राम) अनिवार्य मानत नाही, फक्त शिफारस करतं. शिफारशी वगळल्या की पॅनेल, खिडक्या, थुनार हा फाइल मॅनेजर सगळं येतं आणि चित्र काढणाराच येत नाही. हा पर्याय वापरायचाच असेल तर 'एक्सॉर्ग' चं नाव वेगळं द्यावं.

मी शिफारशींसह टाकलं आणि सोबत ही नावं जोडली: एक्सएफसीई४-टर्मिनल, एक्सएफसीई४-पॉवर-मॅनेजर, एक्सएफसीई४-पल्सऑडिओ-प्लगिन, लाइटडीएम (डिस्प्ले मॅनेजर), लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर (त्याचा दिसणारा पडदा), नेटवर्क मॅनेजर आणि त्याचं पॅनेलवरचं ॲप्लेट, जीव्हीएफएस-बॅकेंड्स, माटे-पॉलकिट, पाइपवायर-ऑडिओ, एक्सडीजी-यूजर-डर्स. यातली काही अनायासे येतात, पण नाव दिलेलं पॅकेज 'हातानं टाकलेलं' म्हणून नोंदलं जातं आणि पुढच्या साफसफाईत उडत नाही. रूट पार्टिशनवर १० जीबी मोकळे असावेत. उतरवलेल्या फायली आणि उघडलेली पॅकेजेस काही काळ दोन्ही जागा घेतात. काम झाल्यावर 'ॲप्ट क्लीन' नं पहिल्या जातात.

यातल्या काही नावांचं कारण सांगायला हवं, कारण ती नसली तर डेस्कटॉप 'चालतो' पण लंगडतो, आणि चूक कुठं आहे ते कुठेच लिहून येत नाही. पॉलकिटचा एजंट नसेल तर पासवर्ड विचारणारी खिडकी उघडत नाही. दुसरं पार्टिशन उघडायला गेलं की काहीच घडत नाही किंवा 'परवानगी नाही' एवढंच दिसतं. जीव्हीएफएस नसेल तर थुनारमध्ये कचरापेटी नाही, फोन दिसत नाही, नेटवर्कवरचे फोल्डर उघडत नाहीत. एक्सडीजी-यूजर-डर्स नसेल तर डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स ही फोल्डर आपोआप बनत नाहीत. पाइपवायर टाकल्यावर आवाज लगेच येत नाही, कारण ती सेवा प्रत्येक वापरकर्त्याच्या सेशनमध्ये सुरू होते. लॉगआउट करून पुन्हा यावं लागतं.

रीबूट केलं. लाइटडीएम आलं तर उत्तम. काळा पडदा आला तर घाबरून पॉवरचं बटण दाबू नये. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबलं की मजकुराचं लॉगिन मिळतं. तिथं 'जर्नलसीटीएल -बी -यू लाइटडीएम' पाहावं. ग्रीटर हे वेगळं पॅकेज आहे आणि ते नसेल तर लाइटडीएम उठतं, दाखवायला काही सापडत नाही आणि पडतं. एकाहून जास्त डिस्प्ले मॅनेजर असतील तर 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर लाइटडीएम' चालवून कोणता वापरायचा ते निवडावं. ग्रीटर आलं तरी डेबियनमध्ये ते वापरकर्त्यांची यादी दाखवत नाही, दर वेळी नाव लिहावं लागतं. इटीसीतल्या, म्हणजे सिस्टिमच्या सेटिंग्जच्या फोल्डरातल्या, लाइटडीएम फोल्डरात लाइटडीएम.कॉन्फ आहे, तिथं 'सीट' च्या विभागात 'ग्रीटर-हाइड-यूजर्स' ला 'फॉल्स' दिलं की नावं दिसतात.

पासवर्ड बरोबर आहे, क्षणभर पडदा हलतो आणि परत लॉगिनवरच येतो, हा दुसरा नेहमीचा प्रकार. कारणं मोजकी. डिस्क भरलेली असते, म्हणून सेशनला तात्पुरती फाइल लिहिता येत नाही. 'डीएफ -एच' नं कळतं. किंवा आधी कुणीतरी सुडो लावून 'स्टार्टएक्स' (डेस्कटॉप हातानं सुरू करणारी कमांड) चालवलेलं असतं आणि होम फोल्डरातली टिंबानं सुरू होणारी एक्सऑथॉरिटी ही फाइल रूटच्या मालकीची झालेली असते. 'चोन' नं मालकी परत द्यावी किंवा ती फाइल सरळ काढून टाकावी, नवी बनते. दोन्ही नसेल तर होममधली एक्ससेशन-एरर्स फाइल तळापासून वर वाचत यावी.

माझ्या यादीत सर्वांत फसवा भाग नेटवर्कचा आहे. डेस्कटॉपशिवाय डेबियन टाकलं की इन्स्टॉलर वायफायचं नाव आणि पासवर्ड इटीसीतल्या नेटवर्क फोल्डरात 'इंटरफेसेस' फाइलमध्ये लिहून ठेवतो. नंतर नेटवर्क मॅनेजर येतो, त्या फाइलमध्ये हे कार्ड नोंदलेलं पाहतो आणि त्याला हात लावत नाही. इंटरनेट चालू असतं, पण पॅनेलवरच्या चिन्हात कार्ड 'मॅनेज्ड नाही' असं दिसतं आणि जवळपासच्या वायफायची यादी येत नाही. लॅपटॉप दुसऱ्या जागी नेला की मग खरी पंचाईत. उपाय सोपा आहे: फाइलची नक्कल ठेवावी, 'लो' म्हणजे लूपबॅकच्या ओळी तशाच राहू द्याव्या, वायफाय आणि केबल कार्डाच्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह टाकावं, आणि रीबूट करावं. मात्र हे सगळं नेटवर्क मॅनेजर बसल्यानंतरच. आधी केलं तर ते उतरवायला नेटच उरत नाही.

चित्र दिसतंय म्हणजे ग्राफिक्स ठीक आहे असं समजू नये. 'मेसा-यूटिल्स' टाकून 'जीएलएक्सइन्फो -बी' चालवावं. 'रेंडरर' च्या ओळीत चिपचं नाव हवं. तिथं 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर सगळं चित्र प्रोसेसरवर काढलं जातंय. पंखा जोरात फिरतो आणि व्हिडिओ अडखळतो. बहुधा चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, सापडलेलं नसतं, आणि 'डीमेसेज' या कर्नलच्या नोंदींमध्ये ते लोड न झाल्याची ओळ असते. डेबियन १२ पासून मुक्त नसलेलं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच असतं, त्यामुळे हे आता कमी घडतं. ग्राफिक्स कार्ड नंतर बदललं तर मात्र फर्मवेअर आपणच टाकावं लागतं.

पान सरकवताना मध्येच आडवी फाट दिसणं हा एक्सएफसीईचा जुना दोष. 'एक्सएफडब्ल्यूएम४ --रिप्लेस --व्हीब्लँक=जीएलएक्स' असं चालवून पाहावं, म्हणजे विंडो मॅनेजर नव्या मूल्यानं पुन्हा सुरू होतो; फाट गेली तर हेच मूल्य 'एक्सएफकॉन्फ-क्वेरी' वापरून एक्सएफडब्ल्यूएम४ च्या चॅनेलात जनरल विभागातल्या 'व्हीब्लँक_मोड' ला कायमचं द्यावं. काही चिपांवर 'जीएलएक्स' पेक्षा 'एक्सप्रेझेंट' चांगलं चालतं. दोन्ही करून पाहण्यात धोका नाही.

झोपेतून उठल्यावर दोनदा पासवर्ड मागितला जात असेल तर पडदा कुलूपबंद करणारे दोन प्रोग्राम एकाच वेळी चालू आहेत. लाइट-लॉकर आणि एक्सएफसीईचा स्क्रीनसेव्हर यांतला एकच ठेवावा; दुसऱ्याची खूण 'सेशन अँड स्टार्टअप' मधून काढावी.

मराठीसाठी 'फॉन्ट्स-देवा' टाकलं की चौकोन जाऊन अक्षरं येतात. टंकण्यासाठी सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या लेआउट विभागात आधी 'सिस्टिमचे डीफॉल्ट वापरा' ही खूण काढावी, नाहीतर खालची बटणं दबतच नाहीत. मग भारतीय गटातून मराठीचा लेआउट जोडावा. इनस्क्रिप्ट आणि कागपा ध्वन्यात्मक, दोन्ही आहेत. अदलाबदलीची कळ तिथंच ठरते. रोमनमध्ये लिहून देवनागरी उमटवणारी पद्धत हवी असेल तर आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज लागतं. ते पार्श्वभूमीला सतत चालतं, तेव्हा कमी रॅमवर कीबोर्डचा साधा लेआउट बरा.

४ जीबीच्या यंत्रावर आणखी दोन गोष्टी कराव्या. झेडरॅम-टूल्स हे पॅकेज टाकावं आणि इटीसीतल्या डीफॉल्ट फोल्डरात 'झेडरॅमस्वॅप' फाइलमध्ये 'पर्सेंट' ला ५० द्यावं. रॅममधली निवांत पानं दाबून रॅममध्येच ठेवली जातात आणि डिस्कवरच्या स्वॅपकडे (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची जागा) जाण्याची वेळ लांबते. सेवा पुन्हा सुरू करून 'स्वॅपऑन --शो' मध्ये ते दिसतं का ते पाहावं. दुसरी गोष्ट डेबियन १३ ची: तात्पुरत्या फायलींचं 'टीएमपी' फोल्डर आता डिस्कवर नसून टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे रॅममध्ये असतं, आणि निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकतं. ८ जीबीच्या पुढे ते चांगलंच. इथं मात्र मोठी झिप उघडताना डिस्क अर्धी रिकामी असूनही 'जागा नाही' असा निरोप येतो. 'सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट' देऊन रीबूट केलं की ते डिस्कवर परततं.

एकाच यंत्रावर दोन डेस्कटॉप ठेवता येतात, लॉगिनच्या वेळी सेशन निवडायचं. पण एकाच वापरकर्त्याच्या खात्यात ते नांदू देऊ नयेत. मेनूत दोन-दोन टर्मिनल आणि दोन-दोन फाइल मॅनेजर येतात, पासवर्डच्या दोन तिजोऱ्या होतात, आणि फाइल कशानं उघडायची ते सांगणारी 'माइमॲप्स.लिस्ट' दोघेही एकाच जागी लिहितात. चाचणीपुरतं वेगळं खातं काढावं. नको असलेला काढताना फक्त मेटापॅकेज (इतर पॅकेजांना एकत्र बांधणारं पॅकेज) 'पर्ज' केल्यानं, म्हणजे समूळ काढल्यानं, जागा सुटत नाही. 'ऑटोरिमूव्ह' ते काम करतं, आणि नेमका तिथंच घात होतो. त्या यादीत नेटवर्क मॅनेजर असू शकतो. 'हो' म्हणण्याआधी यादी वाचावी आणि जे राहायला हवं त्याला 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' लावावं. तरी काही उडालंच तर व्हार, लॉग, ॲप्ट या वाटेवरच्या 'हिस्टरी.लॉग' मध्ये काढलेल्या पॅकेजांची नावं मिळतात.

पॅनेल नाहीसं झालं तर ऑल्ट आणि एफ२ दाबून 'एक्सएफसीई४-पॅनेल' चालवावं. दर लॉगिनला ते परत गायब होत असेल तर जतन केलेलं सेशन खराब आहे: लॉगआउट करावं, मजकुराच्या लॉगिनमधून होममधल्या कॅशे फोल्डरातलं 'सेशन्स' रिकामं करावं, आणि पुढच्या वेळी बाहेर पडताना 'सेशन जतन करा' ची खूण काढून ठेवावी. सगळं मनासारखं बसल्यावर 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' ची यादी एका फाइलमध्ये काढावी आणि ती होममधल्या कॉन्फिग फोल्डरातल्या 'एक्सएफसीई४' सह दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. नव्या यंत्रावर यादी ॲप्टला दिली आणि ते फोल्डर पहिल्या लॉगिनच्या आधी जागेवर ठेवलं की हाच डेस्कटॉप पॅनेलच्या मांडणीसकट उभा राहतो. पहिल्या लॉगिननंतर ठेवलं तर चालू असलेला एक्सएफकॉन्फ हा सेटिंग्जचा डीमन त्यावर आपल्या सेटिंग्ज लिहून टाकतो.